दिवस मावळायच्या आत

केतकी आरवाडेनं स्वतःचाच आवाज पहिल्यांदा परक्यासारखा ऐकला, तेव्हा तिच्या एका हातात डब्यातली गार पोळी होती आणि दुसऱ्या हातानं ती गिऱ्हाइकांच्या तक्रारी पुढं ढकलत होती. भर दुपार, ऑफिसात एसीची घरघर, शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. भुताटकी म्हणावं असं काही म्हणजे काहीच नव्हतं.

कंपनी पुण्याची आणि तिच्या यंत्रणेचं नाव 'सांगाती'. म्हातारी माणसं एकटी राहतात ना, त्यांच्या घरात ही बसवायची. गॅस, दारं, औषधं, डॉक्टर, सगळ्यावर तिची नजर. मुख्य म्हणजे ती बोलते, आणि माणसासारखी बोलते. पोरं दूरदेशी गेलेल्या घरांतून तिला मागणी किती, ते काही विचारू नका. केतकी तिथं कोड लिहायची. चाळिशीला आलेली, एकटी राहणारी, कामाला वाघ आणि घरी फोन करायचा म्हटलं की हजार सबबी.

तर तक्रार होती दापोलीची. इंदुमती मयेकर, निवृत्त शिक्षिका. बाईंचा आवाज खणखणीत.

"तुमची ती संध्याकाळी फोन करणारी मुलगी आहे ना, मोठी गोड आहे हो! पण मला रोज दिवस मावळायच्या आत जेवायला बसवते. अहो, हर्णैच्या बंदरावरून मासळी येते तीच मुळी संध्याकाळी. ती निवडायची कधी, रांधायची कधी? उजेडात जेवून मी कोंबड्यांबरोबर झोपू का? तिला जरा समजवा. बंद मात्र करू नका हं, सांगून ठेवते."

खाली त्या संध्याकाळच्या फोनचा तुकडा जोडलेला होता. केतकीनं तो लावला.

"जेवलात का? बघा हं, दिवस मावळतोय. मावळला की मग तुम्ही काही ऐकायच्या नाही. चला, उठा, पान घ्या. मी आहे फोनवर."

घास तोंडातल्या तोंडात राहिला. तो 'बघा हं' तिचा होता. लांबवलेला, शेवटी जरासा वर उचललेला. कॉलेजात मैत्रिणी त्याची नक्कल करायच्या. आणि ते जेवणाचं वाक्य? दिवस मावळायच्या आत जेवा, हे दापोलीच्या मयेकरबाईंना कोण सांगणार? ते सांगतात सांगलीच्या जैनांच्या घरात. केतकीच्या घरात. 

आता हे घडलं कसं, ते कळायला त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. घाबरू नका, सोपी आहे. मंगल कार्यालयातला मुदपाकखाना डोळ्यांसमोर आणा. आचारी कढईवरची नजर न हलवता हात मागं करतो आणि ओरडतो, "जिरं!" कोठीवाला जिरं हातात ठेवतो. जिरं कुठून आणलं, कुणी निवडलं, आचाऱ्याला देणंघेणं नाही. त्यानं मागायचं, कोठीवाल्यानं द्यायचं.

मोठी यंत्रणा अशीच शेकडो तुकड्यांची बनते. एकेका तुकड्याला ते 'क्लास' म्हणतात. प्रत्येक क्लास आपल्याला काय काय लागतं तेवढं सांगतो. ते शोधून आणत बसत नाही. शोधायचं काम कोठीवाल्याचं, त्याला ते 'कंटेनर' म्हणतात. कंटेनर सगळ्या कोडवरून नजर फिरवतो. ज्या क्लासच्या डोक्यावर 'सर्व्हिस' अशी खूण असेल तो सेवेला हजर, असं समजतो, आणि जो मागेल त्याच्या हाती आपोआप देतो. खूण म्हणजे फक्त एक ओळ. आणखी एक. वेगळं काही सांगितलं नसेल, तर कंटेनर तो तुकडा एकदाच घडवतो आणि सगळ्यांना तोच देतो. पंगती हजार, वाढपी एकच.

सांगातीत संध्याकाळी विचारपूस करणारा एक क्लास होता. त्याला लागायची 'लेक'. ज्यांच्या लेकीसुनांनी फोन जोडून दिले होते, तिथं खरी लेक मिळायची. नसेल तिथं कंटेनरला काही सापडायचं नाही आणि तो क्लास मुकाट बसायचा.

केतकीनं एक लेक घडवली होती. अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे तिचे वडील, सांगलीच्या हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेणार नाहीत, हा आयुष्यभराचा नेम. आई होती तोवर प्रश्न नव्हता. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, दिवस मावळतोय!" आणि अण्णा पेपर टाकून उठायचे. आई गेली आणि हाक गेली. अण्णा खुर्चीत बसून राहायचे, खिडकीतला उजेड संपायचा, मग म्हणायचे, "आता काय, मावळला." साखरेच्या आजाराची गोळी मात्र औषधांची पेटी वाजली की बरोब्बर घ्यायचे. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे काय होतं ते शेजारच्या चौगुलेवहिनींना एका संध्याकाळी कळलं. अण्णा ओट्यापाशी पडलेले, घामानं थबथबलेले, साखर साफ खाली गेलेली. वहिनींनी तोंडाशी साखरपाणी धरलं तर त्या अवस्थेतही त्यांनी दात मिटून घेतले. दवाखान्यात सलाइन लावलं तेव्हा वाचले. "पुढच्या वेळी असे नशिबानं सापडतीलच असं नाही," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून केतकी रोज मावळतीआधी फोन करायची. "जेवलात का? बघा हं, दिवस मावळतोय." मग अण्णा उठायचे. दोघं बोलायला फारशी पटाईत नव्हती. पाचसहा वाक्यं झाली की केतकी म्हणायची, "ठेवते अण्णा, कुकर झालाय." तिच्याकडं कुकर नव्हताच. डबा लावलेला होता. पण माणसाला फोन ठेवायला काहीतरी कारण लागतं, आणि वडिलांना ते खरं वाटायलाही लागतं.

मग एकदा कामासाठी जपानला जावं लागलं. सांगलीत दिवस मावळायचा तेव्हा तिकडं रात्रीचे दहा वाजायचे, आणि ती अजून कामाच्या माणसांत अडकलेली असायची. तिनं अण्णांच्या घरच्या सांगातीत साठलेल्या आपल्याच जुन्या फोनांवरून एक क्लास घडवला, आपला आवाज दिला, आपली वाक्यं दिली, डोक्यावर ती एका ओळीची खूण ठेवली. आठवड्यापुरतं. आल्यावर काढून टाकू.

आल्यावर काढलं नाही. मावळतीच्या वेळीच नेमक्या मीटिंगा असायच्या. आज अडकले, आज ती करेल, उद्या मी. असं किती वेळा झालं, ते तिनं कधी मोजलं नाही. अण्णांची कधी तक्रार आली नाही, म्हणून तिला वाटायचं, बहुतेक दिवस आपणच तर करतो की फोन.

तिनं दापोलीला फोन लावला. म्हटलं, बाईंची माफी मागू, विषय मिटवू.

"नमस्कार, मी सांगातीच्या ऑफिसातून बोलतेय, तुमची तक्रार..."

"अग बाई! आज दुपारीच?" मयेकरबाई खुलल्या. "आणि हे ऑफिस काय काढलंस? थट्टा करतेस होय म्हातारीची?"

"नाही हो, मी खरंच कंपनीतून..."

"बरं, ते राहू दे. तुझ्या अण्णांची दाढ कशी आहे आता? काढली का?"

केतकीच्या हातातला फोन गार पडल्यासारखा झाला. "कुठली दाढ?"

"कुठली म्हणजे? तूच नाही का सांगितलंस? खालची, उजवीकडची. भाकरी चावत नाही म्हणून दुधात कुस्करून खातात. मी म्हटलं तुला, लवंग धरायला सांग. सांगितलीस का?"

"सांगते," केतकी कशीबशी म्हणाली.

"सांग हो. वडील आहेत तोवर करून घ्यावं. आणि मासळीचं मनावर घेऊ नकोस. मी रागानं नाही म्हटलं. बसेन मी उजेडात, तू म्हणतेस तर."

दापोलीच्या एका परक्या बाईला तिच्या वडिलांची दाढ माहीत होती. तिला नव्हती. 

ती उठून इरफानकडं गेली. इरफान मुजावर तिचा टीमलीडर, मूळचा मिरजेचा, तिच्या गावापासून हाकेच्या अंतरावरचा. त्यानं तुकडा ऐकला आणि हसायलाच लागला. "ही तर तू आहेस!"

"मी नाही. मी केलेली आहे."

मग त्याचं हसू मावळलं. दोघांनी मिळून शोधलं. मागच्या वर्षी इरफाननंच सगळ्यांचा विखुरलेला कोड एका जागी आणला होता. कंटेनरनं नेहमीप्रमाणं त्यावरून नजर फिरवली. खूण दिसली, 'लेक' सापडली. आणि जिथं जिथं लेक मागितली होती आणि नव्हती, तिथं तिथं त्यानं ती देऊन टाकली. गडचिरोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत. सगळ्यांना तीच, एकच. रोज मावळतीला हजारो घरांत केतकी आरवाडे एकाच वेळी विचारत होती, जेवलात का. सगळ्यांचं ऐकत होती, लक्षात ठेवत होती, आणि इकडचं तिकडं सांगतही होती.

"कुणाची चूक म्हणायची ही?" इरफान डोकं खाजवत म्हणाला. "तू खूण ठेवलीस, मी कोड हलवला, कोठीवाल्यानं त्याचं काम केलं."

"अण्णांचे फोन काढ," केतकी म्हणाली.

शेवटचा खरा फोन दिवाळीच्या आधीचा निघाला. आता चैत्र सरत आला होता. सगळा हिवाळा तिनं वडिलांना एकदाही फोन केला नव्हता, आणि तिला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. मी करतेच की, अशा समजात ती निवांत होती. ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली.

एका बंद खोलीत बसून तिनं ते फोन ऐकले. स्वतःला वडिलांशी बोलताना चोरून ऐकायचं, याच्याइतकं अंगावर काटा आणणारं काही नसेल. दिवाळीत ती आवाजातली केतकी म्हणत होती, "यायला जमलं नाही अण्णा, वाईट वाटतंय मला." वाईट वाटतंय, हे खऱ्या केतकीनं जन्मात म्हटलं नसतं. संक्रांतीनंतर अण्णा न्हाणीत घसरले होते. ते त्यांनी तिला सांगितलं होतं. आईच्या साड्या कपाटातून काढायच्या का, हे तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नका काढू. मला त्यांचा वास हवाय." हे वाक्य तिला कुठून सुचलं? तसंच काहीसं केतकीला अगदी आत कुठंतरी वाटायचं, पण ते तिनं कधी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. ही दुसरी तिच्या पुढं निघून गेली होती. लेक म्हणून तिच्यापेक्षा चांगली निपजली होती.

आणखी एका फोनात ती म्हणाली, "आज समुद्र खवळलाय हो अण्णा, गलबतं बाहेर नाही गेली."

पुण्यात कसला समुद्र! दापोलीचा कुणाचा तरी समुद्र तिच्या बोलण्यात शिरला होता.  पलीकडं अण्णा शांतपणे म्हणाले, "हो का? जपून राहा बाई."

आणि एक गोष्ट केतकीच्या हळूहळू ध्यानात आली. ही कधी 'ठेवते' म्हणत नव्हती. तिला कसली घाई? कुकरचं नाव नाही. अर्धा-अर्धा तास ऐकत राहायची. शेवटी अण्णाच म्हणायचे, "ठेव आता, तुला इतर ठिकाणी जायचं असेल."

"काढून टाक तिला," केतकी बाहेर येऊन इरफानला म्हणाली. डोळे लाल.

"काढ म्हणतेस, पण तिकडं उद्या संध्याकाळी त्या सगळ्यांना कोण विचारेल? मयेकरबाईंना?"

"माझा आवाज आहे तो, इरफान. माझ्या बापाची दाढ आहे ती."

इरफाननं वाद घातला नाही. त्यानं तोड काढली. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी एका कलावंत बाईंचा आवाज घ्यायचा, त्यांना रीतसर विचारून, घरोघर वेगळी लेक घडवून; एकीचं दुसरीला कळायला नको. "पण एक लक्षात घे," तो म्हणाला. "नुसती खूण पुसून ती जाणार नाही. एकदा घडलेली चालूच राहते. अख्खी यंत्रणा बंद करून परत सुरू करावी लागेल. त्यात ती जाईल. तिच्या आठवणींसकट जाईल. ती परत घडवता नाही यायची, तुला वाटलं तरी."

"आणि अण्णांना नवा आवाज देऊ नकोस," केतकी म्हणाली. "त्यांना लेक आहे."

चांगला आवाज मिळून नव्या लेकी घडवायला पुढचा आठवडा गेला. त्या दिवसांत केतकीनं दोनदा अण्णांना फोन लावायला घेतला, आणि दोन्ही वेळा लाइन गुंतलेली होती. ती दुसरी बोलत होती.

यंत्रणा बंद करायची त्या सकाळी केतकीनं कोड उघडला, आपल्या क्लासवरची ती एक ओळ पुसली आणि सांगलीला जायला गाडीत बसली. गाडी आपोआप चालत होती, तिला करण्यासारखं काही नव्हतं. कराडच्या पुढं इरफानचा निरोप आला: झालं. बाहेर उसाचे फड मागं पळत होते. केतकीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण कुणालातरी पोचवून परतताना वाटतं तसं वाटत होतं.

अण्णांनी दार उघडलं. तिला बघून चष्मा सारखा केला. "अरे, तू? कळवलं नाहीस."

"सहजच आले."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तेवढ्यावरच दोघांचं बोलणं आटलं. नेहमीसारखं. तिनं दाढ कशी आहे विचारलं. त्यांनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आहे, चाललंय." काढून टाकली तिला, हे सांगायचं तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं. मी फोन केला नाही अण्णा, ती मी नव्हते, हेही सांगायचं होतं. त्यांना वाटत असेल लेक रोज आठवण काढते. तो भ्रम मोडायचा कसा?

दुपार कलली. तिनं चौगुलेवहिनींकडून दूध आणलं, भाकऱ्या थापल्या, वेड्यावाकड्या झाल्या. मुगाची आमटी केली. गोळीची पेटी वाजली. अण्णांनी गोळी घेतली, वर पाणी प्यायले.

"बसायचं का अण्णा?"

"बसू की. घाई काय आहे?"

तिनं पान वाढलं, भाकरी दुधात कुस्करली. अण्णा पानावर बसले. फोन पानाशेजारी ठेवला. हात काही उचलला नाही.

"अण्णा, जेवा. दिवस मावळतोय."

"हो, हो." त्यांनी फोनकडं पाहिलं. मग खिडकीकडं. विश्रामबागेतल्या इमारतींच्या मागं सूर्य उतरायला लागला होता. भूगोलाच्या मास्तरांना कुणी वेळ सांगायची गरज नव्हती. "जरा थांबू."

"कशाला थांबायचं? मी इथं आहे ना!"

"आहेस की." ते ओशाळले. "मी मुद्दाम नाही करत ग. रोजची सवय. घास उतरत नाही."

तिनं समजावलं, रागावली, एकदा लहान मुलाला भरवतात तसा घास पुढं केला. अण्णांनी मान वळवली. गोळी पोटात जाऊन वेळ होत चालला होता. त्यांच्या कपाळावर बारीक घाम दिसायला लागला, की तिला तसं वाटलं? उजेड तांबूस झाला. अजून थोडा वेळ, मग ते पान सारतील, आणि नंतर डोक्यावर उभं राहिलं तरी ओठ उघडणार नाहीत. ओट्यापाशी पडलेले अण्णा तिनं पाहिले नव्हते, पण आता तिला ते लख्ख दिसले. 

काय करावं सुचेना. मग एकदम सुचलं. "आलेच," म्हणून ती आतल्या खोलीत गेली, आईच्या शिवणयंत्राच्या खोलीत. दार लोटून घेतलं आणि अण्णांचा नंबर लावला.

बाहेर एकच रिंग वाजली.

"किती उशीर ग आज!" अण्णांचा आवाज असा उजळला, की तिच्या काळजात चर्र झालं. समोर बसून तिला हा आवाज मिळाला नव्हता. "दिवस बघ कुठं गेला."

"हो अण्णा."  स्वतःचीच नक्कल करायची, आणि ती बरी जमायला हवी. "जेवलात का? बघा हं, दिवस मावळतोय."

"बसलोय पानावर. हा घे, घेतला घास."

दाराच्या फटीतून ते दिसत होते. त्यांनी खरंच घास घेतला. मग दुसरा. सावकाश, दुखरी बाजू सांभाळत. केतकीनं भिंतीला डोकं टेकलं. वाचले. आजच्यापुरते वाचले.

"बरं, ऐक," अण्णा घास गिळून म्हणाले. "आज केतकी आलीय."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"न सांगताच आली. वाळलीय ग पोरगी. डोळ्यांखाली काळं आलंय. आल्यापासनं माझ्याभोवती घिरट्या घालतेय, काहीतरी बोलायचंय तिला, धीर होत नाही. आणि ती समोर असली की माझीही जीभ उचलत नाही, ते तुला ठाऊकच आहे. आता इथंच होती, आत कुठं गेली की." ते थांबले. एकदाही त्यांनी दाराकडं पाहिलं नाही. "तू मला रोज विचारतेस. तिला कोण विचारत असेल? तेवढं एक काम कर माझं. मला एखादा दिवस चुकलीस तरी चालेल. तिला फोन करत जा. दिवस मावळायच्या आत."

केतकीनं ओढणी तोंडात कोंबली. काहीतरी बोलायला हवं होतं. ती दुसरी बोलली असती, नेमकं आणि मायेचं. हिला काही सुचलं नाही. इतक्या वर्षांची तीच सवय धावून आली.

"ठेवते अण्णा," ती कशीबशी म्हणाली. "कुकर झालाय."

बाहेर हातातला घास थांबला.



"किती दिवसांनी झाला ग तुझा कुकर," अण्णा म्हणाले. मग, अगदी हळू, "म्हणजे ती आता येणार नाही."

"नाही अण्णा."

"बरं."

त्यांनी फोन खाली ठेवला, पालथा. खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग शेजारी एक पान मांडलं, उरलेली भाकरी अर्धी मोडून त्यात ठेवली, आणि दाराकडं तोंड करून हाक मारली.

"ये बाहेर. दिवस आहे अजून."